दवाखान्यात टिकणारं एआय कसं घडवायचं: सोलापूरच्या ओपीडीत बसून लिहिलेल्या पायऱ्या

सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका आरोग्य केंद्रात डोळ्याच्या पडद्याचा फोटो काढायचा कॅमेरा आला. शुगरच्या रुग्णांचे फोटो काढायचे, ते एआयला द्यायचे आणि मधुमेहामुळे ज्यांच्या पडद्याला इजा झालेली दिसेल त्यांना मोठ्या दवाखान्यात पाठवायचं, असा बेत होता. पहिल्या दिवशी फोटोमागून फोटो 'अस्पष्ट' म्हणून परत आले. कॅमेरा चांगला होता. खोलीची खिडकी पूर्वेची आणि महिना एप्रिलचा. सकाळचं ऊन थेट आत यायचं. उजेडात डोळ्याची बाहुली बारीक होते, मग कॅमेऱ्याला आतलं दिसतच नाही. दुसऱ्या दिवशी तिथल्या सिस्टरनं घरून दोन जाड चादरी आणल्या, आपल्या सोलापुरी, आणि खिळे ठोकून खिडकीला टांगल्या. प्रत्येकाला पाच मिनिटं अंधारात बसवून मग ती फोटो काढायला लागली. फोटो सुधारले.

ही चादर कुठल्याच आराखड्यात नव्हती. मॉडेल म्हणजे जुन्या फोटोंवर शिकवलेलं, उत्तर काढणारं सॉफ्टवेअर, सर्व्हर, टॅबलेट, या सगळ्याचा हिशेब झाला होता. थायलंडमध्ये गूगलच्या संशोधकांनाही हेच भोगावं लागलं. २०१८-१९ मध्ये त्यांनी पथुम थानी आणि चियांग माई या दोन प्रांतांतल्या ११ दवाखान्यांत डोळे तपासणारी अशीच प्रणाली वापरून पाहिली. प्रयोगशाळेत उत्तम चाललेल्या त्या प्रणालीनं पहिल्या सहा महिन्यांतल्या १८३८ फोटोंपैकी २१ टक्के फोटो नापास केले. मोठं कारण तेच, खोलीतला उजेड. एका ठिकाणी दोन तास इंटरनेट गेलं आणि २०० ऐवजी १०० रुग्णच तपासून झाले. त्यांनी हे सगळं २०२० मध्ये उघडपणे छापलं याचा मला आदर वाटतो. आपलं काय चुकलं हे छापणारे या क्षेत्रात फार थोडे आहेत.

गेली काही वर्षं मी या जिल्ह्यात आरोग्याची सॉफ्टवेअर बनवणाऱ्या गटांबरोबर काम करतेय. त्यांत इंजिनिअरिंगची मुलं असतात, तरुण डॉक्टर असतात, संस्थांचे कार्यकर्ते असतात. सगळ्यांची तळमळ खरी असते आणि बहुतेकांची सुरुवात मॉडेलपासून होते. मला वाटतं ती तिथून होऊ नये. एआयचं उत्तर हा कामाचा मधला तुकडा आहे. त्याच्या अलीकडे सिस्टरचे हात असतात, पलीकडे रुग्णाचा रस्ता. या दोन टोकांपासून काम कसं सुरू करायचं ते खाली लिहिते. उदाहरण शेवटपर्यंत डोळ्यांच्या तपासणीचंच ठेवलंय, मध्ये गरज पडेल तिथे दुसरं घेतलंय.

पहिली पायरी: आठ दिवस ओपीडीत बसा, लॅपटॉप न उघडता

केसपेपरच्या खिडकीजवळ एक स्टूल मागून घ्या. वही-पेन्सिल पुरे. पहिले दोन दिवस कुणाला काही विचारू नका, फक्त बघा. रांग किती वाजता वाढते, सिस्टर किती रजिस्टरं भरते, एकच नाव किती ठिकाणी लिहिते, बीपीचं मशिन कुणाच्या टेबलावर असतं, टॅबलेट कुठल्या कपाटात आणि त्या कपाटाची किल्ली कुणाकडे. हे शेवटचं फालतू वाटेल, पण किल्ली ज्याच्याकडे आहे तो सुट्टीवर गेला की तुमची प्रणालीही सुट्टीवर जाते.

सिस्टरचे हात बघा. इंजेक्शन देताना, पट्टी बांधताना, बाळाचं वजन करताना दोन्ही हात गुंतलेले असतात. स्क्रीनला बोट लावायला हात मोकळा कधी होतो, ते घड्याळ लावून लिहा. मी एकदा मोजलं तेव्हा एका रुग्णामागे तो वेळ चाळीस सेकंदांच्या वर गेला नाही. तुमच्या फॉर्ममध्ये बावीस रकाने असतील तर त्यांतले अठरा अंदाजानं भरले जाणार. तो दोष तिला देऊ नका.

तिसऱ्या दिवसापासून बोला. 'तुम्हाला काय हवंय?' असं विचारलं की लोक पाहुण्याला बरं वाटेल ते सांगतात. त्यापेक्षा 'काल शेवटचा पेशंट कोण होता, त्याचं काय झालं?' असं विचारा. एका आशा ताईंना मी हे विचारलं आणि अर्ध्या तासात मला वर्षभराचं शिक्षण मिळालं. केसपेपरवर लिहिलेला मोबाईल नंबर बऱ्याचदा मुलाचा असतो आणि मुलगा असतो पुण्याला. 'तुमच्या आईंना तपासणीला घेऊन या' हा मेसेज तिथे जातो, तो कामावर असतो, वाचून विसरतो. विडी वळणाऱ्या बायका सकाळी कारखान्यात विड्या पोचवायला जातात, तिथून सुटल्यावर केंद्रात येतात, तोवर फोटोचं काम आवरलेलं असतं. यंत्रमागावर रात्रपाळी केलेला माणूस सकाळी दहाला रांगेत उभा राहिला तर डुलक्या घेत असतो. त्याचं बीपी त्या वेळी काय येणार? यातली एकही गोष्ट डेटाबेसमध्ये नसते.

रुग्णाबरोबर घरापर्यंतही एकदा जा. विचारून, परवानगी घेऊन. गोळ्या कुठे ठेवतात, चिठ्ठी वाचून कोण दाखवतं, सोलापूरला किंवा तालुक्याला जायचं ठरलं तर सोबत कोण येतं, हे तिथेच कळतं.

दुसरी पायरी: प्रश्न एका वाक्यात बसवा

मी प्रत्येक गटाला हे वाक्य पूर्ण करायला लावते: 'अमुक माणूस, अमुक वेळी, अमुक निर्णय घेताना, एआयचं उत्तर पाहून अमुक गोष्ट वेगळी करेल.' आमच्या उदाहरणात ते असं झालं: 'सिस्टर, शुगरची गोळी देण्याआधी, या रुग्णाला नेत्रतज्ज्ञाकडे पाठवायचं का हे ठरवताना, एआयचं उत्तर पाहून आजच तारीख घेऊन देईल.' शेवटची जागा भरता आली नाही तर एआयची गरज नाही. पुष्कळदा गरज साध्या यादीची निघते. बीपीच्या गोळ्या न्यायला महिनाभर न आलेल्यांची नावं दर सोमवारी छापून आशा ताईंच्या हातात दिली तरी केवढं काम होतं. एखाद्या गटाला तिथेच थांबायला सांगताना मला अजिबात वाईट वाटत नाही.

वाक्य बसलं की दुसरा धोका बघा. जे ओळखायचंय तेच तुम्ही मोजताय ना? २०१९ मध्ये 'सायन्स' नियतकालिकात अमेरिकेतल्या एका प्रणालीचा अभ्यास आला. कुणाला जास्त काळजीची गरज आहे हे ती प्रणाली त्या माणसावर आधी झालेल्या खर्चावरून ठरवत होती. कृष्णवर्णीय रुग्णांवर मुळात खर्चच कमी व्हायचा, त्यामुळे तेवढेच आजारी असूनही ते यादीत मागे पडायचे. दुरुस्ती केली तर जादा मदतीच्या यादीतलं त्यांचं प्रमाण १७.७ टक्क्यांवरून ४६.५ टक्क्यांवर जाईल, असं अभ्यासकांनी दाखवलं. आपल्याकडे 'वर्षात किती वेळा दवाखान्यात आला' हा आकडा सहज मिळतो म्हणून कुणीतरी तोच वापरेल. मग हजेरी बुडते म्हणून दुखणं अंगावर काढणारी विडी कामगार बाई निरोगी ठरेल आणि रोज बीपी मोजायला येणारे निवृत्त गुरुजी गंभीर ठरतील.

न्यूमोनियाचं उदाहरणही तरुण डॉक्टरांना मी आवर्जून सांगते. अमेरिकेतल्या जुन्या नोंदींवर शिकवलेल्या एका मॉडेलनं निष्कर्ष काढला की दमा असलेल्यांना न्यूमोनिया झाला तर मरणाचा धोका कमी असतो. आकडे खरे होते. दमेकऱ्यांना थेट अतिदक्षता विभागात नेत होते म्हणून ते वाचत होते. मॉडेलच्या शब्दाखातर त्यांना घरी पाठवलं असतं तर? २०१५ मध्ये हे सविस्तर छापून आलं. मॉडेल आतून वाचता येण्यासारखं होतं म्हणून चूक सापडली, हा त्यातला महत्त्वाचा भाग.

तिसरी पायरी: उत्तर आल्यानंतरचा रस्ता आधी आखा

या पायरीवर सगळ्यात जास्त वेळ घाला. मॉडेल तयार व्हायच्या आधी घाला.

हिशेब करून बघू. समजा अक्कलकोट तालुक्यातल्या केंद्रांत शुगरचे १००० रुग्ण तपासले आणि त्यांतल्या ५० जणांच्या पडद्याला उपचार लागतील अशी इजा आहे. प्रणाली १०० आजाऱ्यांतले ९० ओळखते आणि १०० निरोगी माणसांतल्या ९० जणांना 'ठीक' म्हणते. जाहिरातीत हिला '९० टक्के अचूक' म्हणतील. आता ५० पैकी ४५ सापडले, ५ सुटले. राहिलेल्या ९५० निरोगी लोकांतल्या ९५ जणांना मात्र मोठ्या दवाखान्यात जायची चिठ्ठी उगीच मिळाली. चिठ्ठ्या झाल्या १४०, त्यांत खऱ्या ४५. म्हणजे चिठ्ठी घेऊन तीन जण सोलापूरला गेले तर त्यांतल्या दोघांना तिथे 'तुम्हाला काही झालेलं नाही' असं ऐकायला मिळणार.

अक्कलकोटहून सोलापूर सुमारे ४० किलोमीटर. अक्कलकोटच्या पलीकडच्या खेड्यातून आधी अक्कलकोटला यायचं, मग पुढे. मोठ्या दवाखान्यात बाहुली मोठी करायचे थेंब घातले की काही तास नीट दिसत नाही, त्यामुळे सोबत कुणीतरी लागतं. दोघांचं भाडं, दोघांची बुडालेली हजेरी. एका मावशींनी सिस्टरला तोंडावर विचारलं होतं, 'सोलापूरला जा म्हणताव, मग हप्त्याच्या विड्या कोण वळणार?' त्या गेल्या, तिथे सगळं ठीक निघालं, आणि पुढच्या वर्षी फोटोला बसायला त्यांनी नकार दिला. त्यांच्या गल्लीतल्या चौघींनीही दिला. थायलंडमध्ये काही नर्सनी रुग्णांना 'यात भाग घेऊ नका' असं स्वतःहून सुचवलं होतं, कारण चिठ्ठी मिळाली तर दूरच्या दवाखान्याची फेरी त्यांना झेपणार नाही हे त्या ओळखून होत्या. तिथली सिस्टर आणि आपली सिस्टर सारखाच विचार करतात.

म्हणून चिठ्ठीच्या आधी एक गाळणी ठेवा. पहिला फोटो संशयास्पद आला तर त्याच बैठकीत दुसरा काढायचा. दोन्ही संशयास्पद आले तर ते दुरून बघणारा नेत्रतज्ज्ञ आधी ठरवून ठेवायचा आणि त्याचं उत्तर किती दिवसांत यायला हवं हेही लिहून घ्यायचं. ज्या दवाखान्यात पाठवणार तिथे जाऊन विचारा: आठवड्याला तुम्ही आमचे किती रुग्ण बघू शकाल? त्यांनी वीस म्हटलं तर १४० चिठ्ठ्यांना सात आठवडे लागतील. मग गंभीर कोण आणि थांबू शकणारे कोण, ही क्रमवारी तुमच्या प्रणालीनं द्यायलाच हवी. त्यांचा आकडा हातात येईपर्यंत मॉडेलची मर्यादारेषा, म्हणजे किती संशय आला की चिठ्ठी द्यायची ते, ठरवू नका. ती रेषा ठरवायला इंजिनिअरबरोबर नेत्रतज्ज्ञ, मेडिकल ऑफिसर आणि सिस्टर अशी तिघं बसली पाहिजेत, कारण खरा रुग्ण सुटणं आणि निरोगी माणसाची फेरी वाया जाणं या दोन्हींची किंमत त्यांना माहीत असते.

चिठ्ठीवर तारीख, वार, खोली क्रमांक आणि कुठल्या दारानं आत जायचं हे छापा. 'वरिष्ठ रुग्णालयात संदर्भित' एवढं लिहिलेली चिठ्ठी घेऊन आमच्या मावशी दोन तास आवारात फिरल्या होत्या.

चौथी पायरी: डेटा इथला घ्या, आणि त्याच्याकडे संशयानं बघा

रजिस्टरमधलं वय बघा. ६०, ६५, ७० यांची गर्दी दिसेल, ६१ आणि ६७ क्वचित. बीपीच्या रकान्यात १२०/८० ओळीनं लिहिलेलं सापडेल. घाईच्या दिवशी असंच होतं. मॉडेलला हा डेटा जसाच्या तसा खायला घातला तर ते लोकांचं बीपी शिकणार नाही, सिस्टरची घाई शिकेल. अशा रजिस्टरातले आकडे वापरण्याआधी काही रुग्णांचं बीपी तुम्ही स्वतः मोजून लिहिलेल्याशी ताडून बघा.

फोटोंचंही तसंच. महागड्या कॅमेऱ्यानं, थेंब घालून, अंधाऱ्या खोलीत काढलेल्या फोटोंवर शिकलेलं मॉडेल चादर लावलेल्या खोलीत अडखळतं. आपल्याकडच्या वयस्क रुग्णांत मोतीबिंदू भरपूर, त्यातून पडद्याचा फोटो धूसर येतो. असे फोटो गाळून टाकू नका. मोतीबिंदूमुळे फोटो आला नाही, ही त्या माणसाला नेत्रतज्ज्ञाकडे पाठवायला पुरेशी बाब आहे. साधं उपकरणही सगळ्यांना सारखं मोजत नाही, हे कोविडच्या काळात दिसलं. बोटाला लावायचं ऑक्सिमीटर काळ्या त्वचेच्या रुग्णांमध्ये ऑक्सिजन खऱ्यापेक्षा जास्त दाखवू शकतं, असं २०२० मध्ये अमेरिकेतल्या अभ्यासात आढळलं. उन्हातान्हात राबणाऱ्या आपल्या माणसांच्या बोटावर ते लावताना हे लक्षात ठेवा.

डेटा गोळा करण्याचा एक मोठा धडा आपल्याच जिल्ह्यात आहे. बार्शीत १९८७ मध्ये भारतातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. रुग्ण दवाखान्यात येतील आणि मग नोंद होईल, अशी वाट पाहून खेड्यात आकडा कधीच पुरा झाला नसता. तिथली माणसं गावोगाव गेली, लोकांशी बोलली, लक्षणं समजावून सांगितली, तपासणीला या म्हणून मागे लागली. नोंद आणि सेवा एकाच फेरीत झाली. तुमच्या डेटात कोण नाही हे शोधायचं असेल तर बार्शीचा हा रस्ता धरा.

पाचवी पायरी: भाषा

इथे मी थोडी रेंगाळणार आहे, कारण सगळ्यात जास्त घात इथेच होताना पाहिलाय.

आपल्या शहरात मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू एका रांगेत उभ्या असतात. पूर्व भागातल्या पद्मशाली घरांत तेलुगू बोलतात, अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूरच्या गावांत कन्नड. केसपेपर मराठीत निघतो. लक्षणं विचारून सल्ला देणारी बोलकी प्रणाली बनवणारे बहुतेक गट मराठी वाक्याचं आधी इंग्रजी करतात आणि पुढचं काम इंग्रजीत चालतं. आता ही वाक्यं बघा. 'तिला दिवस गेलेत' म्हणजे ती गरोदर आहे. शब्दशः भाषांतरात दिवस निघून जातात आणि गर्भारपण गायब होतं. 'अंगावरून जातंय' म्हणजे पाळीचा रक्तस्राव किंवा पांढरं जाणं. 'जीव घाबरतोय' म्हणजे धडधड, गुदमरल्यासारखं होणं, कधीकधी हृदयविकाराची सुरुवात. एका चाचणीत मी हेच वाक्य बोलले तेव्हा प्रणालीनं मला दीर्घ श्वास घ्यायला आणि मन शांत ठेवायला सांगितलं. तिला ते भय वाटलं होतं. 'पित्त झालंय' म्हणणाऱ्या साठीच्या माणसाच्या छातीत खरं काय चाललंय हे गावातला अनुभवी डॉक्टर खोदून विचारतो. प्रणालीनंही विचारलं पाहिजे.

आकड्यांचीही वेगळी तयारी लागते. शुगर 'पावणेदोनशे' म्हणजे १७५, 'सव्वादोनशे' म्हणजे २२५, 'अडीचशे' म्हणजे २५०. आवाज ओळखणारी यंत्रं 'पावणे' गिळतात आणि २०० लिहून मोकळी होतात. 'परवापासून ताप आहे' आणि 'परवा येते' यांतला परवा एक मागचा, एक पुढचा.

करायचं काय? आशा ताई, सिस्टर आणि केसपेपर काढणारे कर्मचारी यांच्याबरोबर बसून लोक खरोखर बोलतात ती दोनशे वाक्यं लिहून काढा. मराठी, तेलुगू, कन्नड, दखनी वळणाची उर्दू, सगळ्यांतली. प्रत्येक वाक्यापुढे डॉक्टरकडून अर्थ लिहून घ्या आणि ज्या वाक्याला रुग्णाला त्याच क्षणी डॉक्टरसमोर न्यायला हवं त्यावर लाल खूण करा. प्रत्येक नवी आवृत्ती या दोनशे वाक्यांतून पास झाल्याशिवाय बाहेर सोडायची नाही. लाल खुणेचं एक वाक्य जरी चुकलं तरी आवृत्ती परत. बोलणारी बाई लाजेनं आवाज खाली आणते, पंखा घरघरतो, बाहेर मूल रडतं. रेकॉर्डिंग त्याच खोलीत करा.

सहावी पायरी: स्क्रीनवर काय दिसावं

मॉडेलनं आतून इजेची शक्यता ०.७३ अशी काढली तरी सिस्टरला तो आकडा दाखवू नका. तिला तीन वाक्यं पुरतात: 'आज ठीक, पुढच्या वर्षी पुन्हा फोटो', 'नेत्रतज्ज्ञाला दाखवा, तारीख घ्या', 'यंत्राला कळलं नाही, फोटो पुन्हा काढा किंवा डॉक्टरांना दाखवा'. तिसरं वाक्य पहिल्या दोघांइतक्याच मोठ्या अक्षरात असू द्या. माहीत नसताना ठासून उत्तर देणारी प्रणाली दवाखान्यात सगळ्यात धोक्याची. रंग वापरा, पण शब्दाशिवाय रंग नको. लाल-हिरवा न ओळखणारी माणसं असतात. फोटोवर संशयाची जागा गोल करून दाखवली तर सिस्टर हळूहळू स्वतः बघायला शिकते आणि रुग्णालाही बोट ठेवून समजावता येतं.

जिथे कर्मचाऱ्याचं स्वतःचं मत असू शकतं तिथे आधी त्याला ते नोंदवू द्या, मग यंत्राचं उत्तर उघडा. उत्तर आधी दिसलं की अनुभवी माणूसही त्यामागे जातो. आणि दोघांचं जमलं नाही तर सिस्टरला 'मला पटत नाही' हे एका बोटानं सांगता आलं पाहिजे, त्यासाठी कुणाला कारणं देत बसायला लागू नये.

सूचनांचा मारा टाळा. अमेरिकेत एपिक कंपनीच्या सेप्सिस (संसर्गामुळे अवयव निकामी व्हायला लागणं) ओळखणाऱ्या प्रणालीची मिशिगन विद्यापीठाच्या रुग्णालयात तपासणी झाली, निष्कर्ष २०२१ मध्ये छापून आले. दाखल रुग्णांपैकी १८ टक्क्यांवर तिनं इशारे दिले आणि तरीही सेप्सिस झालेल्यांतले ६७ टक्के तिच्या हातून सुटले. आपल्या वॉर्डात एक सिस्टर कितीतरी खाटा बघते. तिच्या टेबलावर दर दहा मिनिटांनी काहीतरी वाजायला लागलं तर ती दुसऱ्या दिवशी आवाज बंद करेल, आणि ते बरोबरच असेल.

इंटरनेट नसताना काय होतं, ते पहिल्याच दिवशी वायर काढून बघा. फोटो साठून राहावेत, लाइन आली की जावेत, आणि तोवर रुग्णाला थांबायचं की घरी जायचं हे स्क्रीननं स्वच्छ सांगावं.

सातवी पायरी: परवानगी

२०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानुसार संमतीची सूचना इंग्रजीत किंवा संविधानाच्या आठव्या अनुसूचीतल्या भाषेत वाचण्याची सोय द्यायची आहे, आणि दिलेली संमती मागे घेणं देण्याइतकंच सोपं असायला हवं. मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू या चारही भाषा त्या अनुसूचीत आहेत, त्यामुळे सोलापुरात पळवाट नाही. मजकूर सहा ओळींचा ठेवा आणि वाचून दाखवा: फोटो कशासाठी, कोण बघणार, किती दिवस राहणार, नको म्हटलं तरी गोळ्या मिळतीलच. हे शेवटचं दोनदा सांगा. अंगठा घेण्याआधी रुग्णाला त्याच्या शब्दांत परत सांगायला लावा.

फोटो व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर टाकायची सवय पहिल्या आठवड्यातच मोडा. हेतू चांगला असतो, पण केसपेपरसकट नाव जातं.

रोगाचं निदान करणारं सॉफ्टवेअर हे २०१७ च्या वैद्यकीय उपकरण नियमांखाली येतं. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनं (आयसीएमआर) २०२३ मध्ये आरोग्यातल्या एआयसाठी नैतिक मार्गदर्शक तत्त्वं काढली आहेत, ती प्रयोगाआधी वाचा आणि नैतिकता समितीकडे लवकर जा. सगळं बनवून झाल्यावर गेलात तर समितीनं सुचवलेला बदल तुम्हाला अडथळा वाटेल.

आठवी पायरी: मुकी चाचणी

दोन-तीन महिने प्रणाली चालू ठेवा, पण तिचं उत्तर कुणालाच दाखवू नका. रुग्णाची काळजी नेहमीसारखी चालेल, तिकडे नेत्रतज्ज्ञ तेच फोटो वेगळे बघतील, आणि मग दोन्ही शेजारी मांडा. एकूण टक्केवारीवर खूश होऊ नका. साठीच्या वरचे, मोतीबिंदू असलेले, बायका, विडी कामगार, प्रत्येक केंद्र, प्रत्येक कॅमेरा, असे गट पाडून बघा. आमच्या एका चाचणीत एकूण निकाल छान होता आणि एका केंद्राचा फार वाईट. तिथल्या कॅमेऱ्याच्या भिंगावर बोटाचा ठसा होता, आणि पुसायचं कापड कुणी दिलंच नव्हतं.

बैठकीत आधी सुटलेल्या रुग्णांची यादी वाचा, एकेकाचा फोटो लावून. मग बाकीचं.

नववी पायरी: चालू झाल्यावर

एक माणूस ठरवा ज्याचं नाव आणि फोन भिंतीवर असेल. यंत्र चुकलं तर सिस्टरनं त्याला फोन करायचा आणि त्यानं दोन दिवसांत काय केलं ते सांगायचं. 'कंपनीला कळवलंय' हे उत्तर चालणार नाही. एक साधी चुकांची वही ठेवा. प्रणाली बंद करायचा अधिकार मेडिकल ऑफिसरकडे असावा आणि बंद केल्यावर कागदावरचं काम त्याच मिनिटाला सुरू होईल एवढी तयारी असावी.

आपल्या जिल्ह्यातली माणसं वर्षभर सारखी नसतात. जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्ड्याला बाहेरगावची गर्दी, आषाढीला पंढरपुरात राज्यभरातले वारकरी, ऊसतोडीच्या हंगामात फडावर आलेली कुटुंबं, मेमध्ये पारा त्रेचाळिसाच्या वर गेल्यावर वेगळीच लक्षणं. सोलापूरच्या ओपीडीत शिकलेलं मॉडेल वारीच्या आरोग्य छावणीत नेताना पुन्हा तपासा. कॅमेरा बदलला, सॉफ्टवेअरची आवृत्ती बदलली, तरी मुकी चाचणी थोड्या दिवसांसाठी परत करा.

महिन्याच्या शेवटी किती फोटो काढले हा आकडा सगळेच मागतील. तुम्ही रजिस्टरमध्ये चार रकाने वाढवा: चिठ्ठी दिली, तिथे पोचला, उपचार झाला, परत येऊन सांगितलं. पहिल्या रकान्यातून दुसऱ्यात जाताना आकडा कुठे गळतो ते बघा आणि पुढच्या महिन्याचं काम तिथे करा. आमच्याकडे तो तारखेमुळे गळत होता. विड्यांचा हप्ता ज्या दिवशी द्यायचा त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाची वेळ मिळत होती. वार बदलून घेतला. मॉडेलला हात लावायची गरज पडली नाही.

बदल्यांचीही तयारी ठेवा. चादर टांगणाऱ्या सिस्टरची बदली झाली. नव्या सिस्टर आल्या, त्यांनी खोली आवरली, धुळीनं भरलेल्या चादरी काढून धुवायला टाकल्या आणि फोटो पुन्हा अस्पष्ट यायला लागले. त्या चादरी कशासाठी होत्या हे त्यांना आम्ही सांगितलंच नव्हतं. प्रशिक्षणाच्या आमच्या सत्तर पानांत खिडकीबद्दल एक ओळ नव्हती. आता तिथे भिंतीवर कागद आहे, जुन्या सिस्टरच्या अक्षरातला, फोनवर मागवून घेतलेला: आधी चादर ओढा, पेशंटला पाच मिनिटं बसवा, भिंग कापडानं पुसा, मग फोटो. दोन्ही चादरींना खाली वजन म्हणून जाड दोर ओवलाय, आणि धुवायला एक काढली तरी दुसरी राहावी म्हणून तिसरी विकत घेतलीय.